'सरसकट', 'सोपीव' आणि 'एरवी' : वेल्सच्या सेनेदमधील एका प्रश्नाचे मराठी

विचारणा

वेल्सच्या विधिमंडळात, म्हणजे सेनेदमध्ये, ताशी २० मैलांच्या वेगमर्यादेवरून झालेल्या वादाविषयी मी एक लेख लिहीत असून त्याच्या पहिल्याच वाक्यापाशी अडले आहे. वाक्य सध्या असे आहे : 'वेल्सच्या विकेंद्रित सरकारने लागू केलेल्या सरसकट वेगमर्यादेबाबत विरोधी सदस्याने प्रथम मंत्र्यांना उद्देशून प्रश्न पटलावर ठेवला.' व्याकरणदृष्ट्या त्यात चूक सापडत नाही, पण मोठ्याने वाचले की ते मराठी वाटत नाही. 'सरसकट' हा शब्द मी इंग्रजी 'ब्लँकेट'साठी घेतला, कारण तेथील विरोधक या मर्यादेला तोच शब्द लावतात. 'विकेंद्रित' तर केवळ दुसरे काही सुचले नाही म्हणून आले आहे. जाणकारांनी मत द्यावे.

प्रतिसाद

प्रथम 'विकेंद्रित'. सत्तेचे विकेंद्रीकरण म्हटले की मराठी वाचकाला जिल्हा परिषद आणि पंचायत समिती आठवते, आणि १ मे १९६२ रोजी महाराष्ट्रात आलेल्या त्या व्यवस्थेसाठी तो शब्द योग्यच आहे. 'विकेंद्रित सरकार' म्हटल्यावर मात्र सरकारच चार ठिकाणी विखुरले आहे की काय, अशी शंका येते. वेल्समध्ये घडले ते वेगळे. १९९७च्या सार्वमतात अगदी निसटता कौल मिळाल्यानंतर लंडनच्या संसदेने १९९८ साली कायदा करून काही विषय कार्डिफच्या, म्हणजे वेल्सच्या राजधानीतील, सभागृहाकडे सोपवले. सोपवणारी संसद सार्वभौमच राहिली. आपल्या राज्यांचे अधिकार संविधानातून आणि त्याच्या सातव्या अनुसूचीतून येतात, दिल्लीने केलेल्या एखाद्या साध्या कायद्यातून नव्हे, म्हणून 'राज्य सरकार' हा शब्दही येथे चालणार नाही.

नेमका शब्द आपल्याच इतिहासात पडून आहे. १९१९च्या माँटेग्यू-चेम्सफर्ड सुधारणांनी प्रांतांत द्विदल राज्यपद्धती आणली, तेव्हा शिक्षण, आरोग्य, स्थानिक स्वराज्य ही खाती लोकनियुक्त मंत्र्यांकडे आली आणि पोलीस, जमीन महसूल, अर्थ ही गव्हर्नरच्या हाती राहिली. मराठीत पहिल्यांना 'सोपीव खाती' आणि दुसऱ्यांना 'राखीव खाती' म्हणत. योगायोग असा की वेल्सच्या कायद्याची भाषाही आज तीच आहे. एप्रिल २०१८पासून तेथे राखीव विषयांची यादी दिलेली असते आणि त्या यादीत जे नाही ते सेनेदच्या कक्षेत येते. फरक इतकाच, की मुंबई इलाख्यात राखीव आणि सोपीव ही एकाच प्रांतिक सरकारची दोन दले होती, तर वेल्सचे राखीव विषय थेट लंडनकडे असतात. आपल्या लेखाच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट ही, की वेगमर्यादा ठरवण्याचा अधिकार कार्डिफला मिळाला तोही याच बदलात. त्यापूर्वी हा प्रश्न सेनेदमध्ये विचारला असता, तर निर्णय आमच्या हातात नाही, एवढेच उत्तर मिळाले असते.

'प्रथम मंत्री' मला अजिबात रुचत नाही. वाचकाला वाटते, हे वेल्सचे इतिहासातले पहिले मंत्री. वेल्श भाषेत या पदाला 'प्रीव् वेइनिदोग' म्हणतात, आणि त्यातील 'प्रीव्'चा अर्थ मुख्य असा आहे. लंडनच्या पंतप्रधानांनाही वेल्शमध्ये हेच नाव आहे. तेव्हा वेल्शवरून थेट मराठीत आलात तर 'मुख्यमंत्री' हाच शब्द मिळतो. अडचण निर्माण होते ती इंग्रजीवरून येण्याने.

आता 'सरसकट'. हा शब्द आपण अचूक निवडला आहे आणि म्हणूनच तो आपल्या वाक्यात चुकीच्या जागी बसला आहे. १७ सप्टेंबर २०२३ रोजी जे लागू झाले ते असे : ज्या रस्त्यांवर दिव्यांचे खांब २०० यार्डांपेक्षा अधिक अंतरावर नाहीत, म्हणजे साधारणपणे वस्तीतले रस्ते, तेथील मर्यादा ताशी ३० मैलांवरून २० मैलांवर, आपल्या हिशेबाने ४८ किलोमीटरवरून ३२वर आली. मात्र एखादा रस्ता ३० मैलांवरच ठेवावा असे स्थानिक परिषदेला वाटले, तर कारणे देऊन तसे करण्याची मुभा होती. सरकार याला 'डीफॉल्ट', म्हणजे वेगळे काही ठरवलेले नसेल तेव्हा लागू असणारी, मर्यादा म्हणत राहिले, तर सर्वांत मोठ्या विरोधी गटाचे तेव्हाचे नेते अँड्रू आर. टी. डेव्हिस 'ब्लँकेट' म्हणत राहिले. या एका शब्दावरून सेनेदच्या मानक आयुक्तांकडे, म्हणजे सदस्यांच्या वर्तनाविषयीच्या तक्रारी तपासणाऱ्या अधिकाऱ्याकडे, तक्रार गेली. आयुक्तांनी तो शब्द अचूक नसल्याचे नोंदवले, तरी डेव्हिस यांनी तो सोडला नाही. आपल्या वाक्यात 'सरसकट' हा शब्द निवेदकाच्या, म्हणजे आपल्याच तोंडी आला आहे, आणि त्यामुळे वादाचा निकाल पहिल्या ओळीतच लागला आहे. तो विरोधकांच्या तोंडी घाला, अवतरणचिन्हांत घाला, आणि मग निश्चिंतपणे वापरा.

'सरसकट'च्या स्वभावाविषयीही थोडे लिहितो, कारण या शब्दाची गंमत मला यानिमित्ताने नव्याने जाणवली. आपल्याकडे अतिवृष्टी झाली की विरोधी बाकांवरून 'सरसकट पंचनामे करा', 'सरसकट मदत द्या' अशी मागणी होते. येथे सरसकट म्हणजे कोणालाही न वगळता, आणि शब्दाला मायेची ऊब आहे. जून २०१७मध्ये शेतकरी संपानंतर कर्जमाफीची घोषणा झाली तेव्हा 'सरसकट', 'तत्त्वतः' आणि 'निकष' हे तीन शब्द एकाच दमात ऐकू आले, आणि पुढे दीड लाखाची मर्यादा स्पष्ट झाल्यावर विरोधकांनी त्या तिन्हींची यथेच्छ थट्टा केली. याउलट 'सरसकट सगळ्यांना एकाच मापाने मोजू नका' म्हणताना तोच शब्द दोषदर्शक होतो, आणि अलीकडे रूढ झालेले 'सरसकटीकरण' तर नेहमी दूषणच असते. काही मिळायचे असेल तर सरसकट हवे, आणि काही सोसायचे असेल तर सरसकट नको. त्यामुळे आपल्याकडचा विरोधक सरकारने सरसकट काही केले नाही म्हणून जाब विचारतो आणि वेल्सचा विरोधक केले म्हणून, आणि दोघांनाही हाच शब्द पुरतो.

आणखी एक मत

वरील विवेचन पटले, पण 'सोपीव'ला माझी हरकत आहे. इतिहासाचे विद्यार्थी सोडल्यास हा शब्द आज कोणाच्या कानावर पडत नाही, आणि 'सोपीव सरकार' म्हणजे कोणीतरी सोपवलेले, लादलेले सरकार असाही अर्थ निघेल. विषय सोपीव असतात, सरकार नव्हे. एकदा 'लंडनने सोपवलेल्या विषयांपुरते अधिकार असलेले वेल्सचे सरकार' असे सविस्तर लिहावे आणि नंतर नुसते 'वेल्सचे सरकार' म्हणावे.

दुसरे 'प्रश्न पटलावर ठेवला' याविषयी. मी बरीच वर्षे विधानसभेच्या प्रश्नांना उत्तरे तयार करण्याच्या कामात होतो. आपल्याकडे पटलावर कागदपत्रे, अहवाल आणि अध्यादेश ठेवतात. प्रश्न दाखल करतात, आणि मंत्र्याच्या समोर तो विचारतात. तारांकित प्रश्नाची छापील प्रत आमच्याकडे येई तेव्हा तिचा साचा ठरलेला असे : मंत्री महोदय पुढील गोष्टींचा खुलासा करतील काय, (१) अमुक झाले हे खरे आहे काय, (२) असल्यास, शासनाने कोणती कार्यवाही केली, (३) नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत. पहिल्या भागात प्रश्नकर्त्याने 'सर्व', 'संपूर्ण' किंवा आपला हा 'सरसकट' घातलेला दिसला की उत्तर लिहिणाऱ्याचे काम हलके होई. शंभरातले एक प्रकरण जरी वेगळे निघाले तरी 'हे खरे नाही' असे लिहिता येई, आणि मग दुसऱ्या व तिसऱ्या भागापुढे 'प्रश्न उद्भवत नाही' एवढे पुरे होई. फार झाले तर 'हे अंशतः खरे आहे'. अनुभवी सदस्य म्हणूनच लेखी प्रश्नात 'सरसकट' लिहीत नसत. तो शब्द ते भाषणासाठी राखून ठेवत. वेल्समध्येही हेच झालेले दिसते. मर्यादा ब्लँकेट आहे की नाही यावर शब्द खर्च झाले की सरकारला मूळ तक्रारीवर, म्हणजे कोणत्या रस्त्यावर ३० ठेवायचे हे परिषदांना नीट ठरवता आले की नाही यावर, थोडेच बोलावे लागते. २० मैलांच्या निर्णयाविरुद्धच्या याचिकेवर ४ लाख ६० हजारांहून अधिक सह्या झाल्या होत्या. सह्या करणारे शब्दाच्या अचूकतेसाठी भांडत नव्हते, आणि एप्रिल २०२४मध्ये नव्या परिवहनमंत्र्यांनी अपवादांचे निकष बदलण्याची घोषणा केली ती त्या सह्यांची दखल घेऊनच.

पहिल्या प्रतिसादकाकडून

'विषय सोपीव, सरकार नव्हे' ही दुरुस्ती मान्य. प्रश्नाविषयी आपण सांगितलेले मला ठाऊक नव्हते.

एक शब्द राहून गेला. 'डीफॉल्ट'साठी कोणी 'पूर्वनिर्धारित' सुचवील, पण तो संगणकाच्या पडद्यावरच शोभतो, आणि नुसते 'डीफॉल्ट' लिहिले तर मराठी वाचक थकलेल्या कर्जाचा विचार करतो. यासाठी घरातला शब्द 'एरवी' आहे. वेगळे काही सांगितलेले नसेल तेव्हा जे लागू असते ते एरवीचे. 'एरवीची मर्यादा २० मैल, परिषदेने फलक लावला असेल तेथे ३०' एवढे वाक्य गाडी चालवणाऱ्यालाही कळते. 'एरवी' आणि 'सरसकट' शेजारी ठेवले की सरकार आणि विरोधक यांच्यातले भांडण वेगळे समजावून सांगावे लागत नाही. एक म्हणतो, अपवाद सोडून सर्वत्र. दुसरा म्हणतो, अपवाद नावापुरते.

विचारणा करणारीकडून

सर्वांचे आभार. वाक्य तोडून दोन केली आहेत : 'वस्तीतल्या रस्त्यांवर एरवीची वेगमर्यादा ताशी २० मैल असेल, असे वेल्सच्या सरकारने ठरवले. विरोधी गटाच्या नेत्याने सेनेदमध्ये मुख्यमंत्र्यांना त्याबद्दल जाब विचारला, तेव्हा तिला "सरसकट" मर्यादा म्हटले.' सोपीव आणि राखीव विषयांचा परिच्छेद त्यानंतर येईल. 'मुख्यमंत्री' या शब्दाबद्दल मनात किंचित धाकधूक आहे, पण 'प्रीव् वेइनिदोग'चा अर्थ तेथेच एका ओळीत दिला म्हणजे भागेल असे वाटते.