श्रीलंकेच्या नकाशातील निळे ठिपके

प्रश्न (शिक्षिका, भंडारा जिल्हा)

वर्गात शेजारी देश शिकवताना श्रीलंकेचा मोठा नकाशा फळ्यावर लावला, तेव्हा एका मुलीने विचारले की चहूबाजूंनी समुद्र असताना उत्तरेकडच्या भागात एवढे निळे ठिपके कशाचे आहेत. तिचे घर गावतलावाच्या पाळीला लागूनच असल्याने ते तलाव असावेत हे तिने ओळखले होते. तिला कारण हवे होते. शिवाय राजधानी कोलंबो सांगावी की कोट्टे, याबाबतही खुलासा करावा.

उत्तर १ (निवृत्त भूगोल शिक्षक, चंद्रपूर)

ताई, राजधानीचे आधी सांगतो. संसद १९८२ मध्ये श्री जयवर्धनेपुरा कोट्टे येथे नेण्यात आली. मात्र ते कोलंबोला अगदी लागून आहे आणि व्यापार, बंदर व बँका कोलंबोतच राहिल्याने दोन्ही नावे पुस्तकांत दिसतात.

हे बेट ६५,६१० चौरस किलोमीटरचे, म्हणजे आपल्या विदर्भाच्या साधारण दोन-तृतीयांश आहे. उंच डोंगर मध्य-दक्षिणेला एकवटले असून तिथले पिदुरुतलागला शिखर २,५२४ मीटर, म्हणजे कळसूबाईपेक्षा बरेच उंच आहे. मे ते सप्टेंबरचे नैर्ऋत्य मोसमी वारे या डोंगरांना अडून नैर्ऋत्येकडचा भाग चिंब भिजवतात आणि पलीकडचा उत्तर-पूर्व भाग पर्जन्यछायेत राहतो. त्या भागाला खरा पाऊस ऑक्टोबर ते जानेवारी या काळात मिळतो, म्हणजे आपल्याकडे रोवणी चालू असते तेव्हा अनुराधापूरच्या बाजूला कोरड असते. चार महिन्यांचे पाणी वर्षभर पुरवायचे, म्हणून तलाव.

उत्तर २ (धान उत्पादक शेतकरी, साकोली तालुका)

गुरुजींनी कारण नेमके सांगितले. बोधिवृक्षाच्या दर्शनासाठी आम्ही गावातील काही जण अनुराधापूरला गेलो होतो, तेव्हा तिथल्या एका जुन्या तलावाच्या पाळीवर मी बराच वेळ थांबलो. पाळीच्या आत दगडांनी बांधलेला चौकोनी हौद होता. त्याला सिंहली भाषेत बिसोकोटुवा म्हणतात. तलावाच्या पाण्याचा जोर त्या हौदात मोडतो आणि मगच ते नहराला सोडता येते, त्यामुळे पाळ फुटत नाही. तलावाला ते वेव म्हणतात. वरच्या वेवखालच्या बांध्यांतून (धानाच्या खाचरांतून) झिरपलेले पाणी खालच्या वेवमध्ये पुन्हा जमा होते. आपल्या मालगुजारी तलावांचे पाणीही असेच बांधीतून बांधीत आणि बोडीत (लहान तळ्यात) उतरत जाते, हे मुलांना प्रत्यक्ष दाखवता येईल. पोलोन्नरुवा येथील पराक्रम समुद्र हा बाराव्या शतकात पहिल्या पराक्रमबाहू राजाने घडवलेला विशाल जलाशय आजही धानाला पाणी देतो.

उत्तर ३ (पदव्युत्तर विद्यार्थी, गोंदिया)

एक दुरुस्ती सुचवतो. कोरड्या भागात तलाव हा नियम अगदी उत्तरेच्या जाफना द्वीपकल्पाला जसाच्या तसा लावू नये. तिथे चुनखडीचा खडक आहे आणि बारमाही नदी नाही. पाणी खडकात मुरते, म्हणून शेती मुख्यत्वे विहिरींवर चालते. शहरे शिकवताना पाण्याचाच धागा धरावा: कोलंबो, गॉल आणि त्रिंकोमाली ही बंदरांमुळे वाढली, तर डोंगरातील कँडी, जे १८१५ पर्यंत स्वतंत्र राज्य होते, महावेली नदीच्या वळणावर वसले आहे. ३३५ किलोमीटरची ही सर्वांत लांब नदी ओल्या डोंगरांतून निघून कोरड्या पूर्वेकडे वाहते आणि त्रिंकोमालीजवळ समुद्राला मिळते.