जंगलातल्या धबधब्याची वाट: ओढा कसा ओलांडायचा?

पाऊसवेडा_ठाणे: मुरबाडकडे दाट झाडीतला, फारसा कुणाला माहीत नसलेला धबधबा गाठायचाय. वाटेत ओढा दोनदा आडवा येतो. सहा जण आहोत, २० मीटर दोर आहे. की सरळ येऊर गाठावं?

कातळवाट: येऊरचं जंगल राष्ट्रीय उद्यानात येतं, पावसाळ्यात तिथल्या ओढ्या-धबधब्यांवर बंदी असते. मुरबाडलाही मनाई आदेश आहे का ते आधी बघा आणि गावातला वाटाड्या घ्या.

दोर कमरेला बांधून ओढ्यात उतरू नका! पाय सुटला की ताणलेला दोर माणसाला पाण्याखालीच दाबून धरतो. पात्र रुंद, उथळ असेल तिथून ओलांडा. अरुंद जागी धार जोरात असते. खाली लगेच कडा असेल तर तिथे नाहीच. सॅकचे पट्टे सोडा, तोंड पाणी येतं त्या बाजूला, काठी पुढे, एका वेळी एकच पाय. वेगाचं पाणी गुडघ्यावर गेलं की मागे फिरा.

पाऊसवेडा_ठाणे: मग दोर घरीच ठेवू?

कातळवाट: न्या की. निसरड्या चढावर जिवंत, जाड बुंध्याला बांधून हाताच्या आधाराला.

शेवाळ: गमबूट नकोत, पाणी भरलं की पाय उचलत नाही. खोल खाचांचे रबरी तळवे हवेत, तरी शेवाळावर तेही घसरतात. पाणी अचानक गढूळ झालं, पालापाचोळा वाहू लागला, तर वर पाऊस झालाय. फोटो राहू द्या, लगेच उंचावर चढा. धारेखाली उभं राहू नका, वरून दगड येतात. दुपारी दोनपर्यंत पोचला नाहीत तर परत निघा, झाडीत अंधार लवकर पडतो.