'मांदुबाला' चोरीची, आणि गायक मात्र ग्रीसचा देव: तुम्हाला पटतं का?

खडीसाखर (धागाकर्ती)

गेल्या शुक्रवारची गोष्ट. इथे स्टुटगार्टात आमच्या ऑफिसमागे एक ग्रीक खानावळ आहे. टेबलं पाच, मालक पंचाहत्तरी ओलांडलेला, आणि मेनूकार्डावरचे निम्मे पदार्थ कधीच नसतात. स्पीकरवर एक भरदार, रडवेला पुरुषी आवाज सुरू झाला आणि दुसऱ्या ओळीला मी काटाचमचा खाली ठेवला. शब्द एक कळेना, पण चाल तोंडपाठ! 'आ जाओ तडपते हैं अरमां'. 'आवारा', १९५१, शंकर-जयकिशन, लता. माझी आई भांडी घासताना हेच म्हणायची.

मालकाला विचारलं तर त्याने छातीवर हात ठेवला आणि म्हणाला, "मांदुबाला! स्टेलिओस!"

घरी येऊन शोधाशोध केली. स्टेलिओस कझांत्झीदिस, जन्म १९३१, मृत्यू २००१. ग्रीसमध्ये 'लाइको' म्हणतात त्या लोकप्रिय, कष्टकऱ्यांच्या गाण्याचा सम्राट. जर्मनीत मजुरीला आलेल्या ग्रीकांचा तर कुलदैवतच. 'मांदुबाला' १९५९ची, शब्द एफ्तिखिया पापायानोपूलू या बाईंचे. आणि संगीत? स्वतः कझांत्झीदिस! शंकर-जयकिशनचं नाव औषधालाही नाही. वर गंमत अशी की 'मांदुबाला' म्हणजे आपली मधुबाला. 'आवारा'त ती नाहीच, नायिका नर्गिस. म्हणजे चाल एकीच्या सिनेमाची आणि नाव दुसरीचं. सगळाच सावळा गोंधळ.

आपल्याकडे अशा वेळी "बघा, आपलं गाणं कुठवर पोचलं" म्हणून कॉलर ताठ होते. माझी झाली नाही. माझ्या मते ही सरळ चोरी आहे, आणि गायक मोठा असल्याने ती लहान होत नाही. तुमचं काय म्हणणं?

तबकडीवाला

असहमत. तुम्ही २०२०च्या दशकातला कायदा १९५९च्या अथेन्सला लावताय.

तेव्हा तिथे रेकॉर्डच्या लेबलावरचं नाव ही विकत घ्यायची वस्तू होती. ज्या बाईंचा तुम्ही एका ओळीत उल्लेख केलात त्यांचंच बघा. एफ्तिखियाबाई आशिया मायनरमधून, म्हणजे आताच्या तुर्कस्तानातून, निर्वासित होऊन आलेल्या, पेशाने शिक्षिका, आणि पत्त्यांच्या जुगाराचं जबर व्यसन. देणं अंगावर आलं की गाणं लिहायचं आणि रोख घेऊन हक्कासकट विकून टाकायचं. त्यांची कित्येक गाणी दुसऱ्यांच्या नावावर वाजली. १९७२ला वारल्या. नाव झालं ते बऱ्याच उशिरा, २०१९ला त्यांच्यावर सिनेमाही आला. घरच्या माणसांचीच नावं जिथे लेबलावर टिकत नव्हती तिथे मुंबईच्या शंकर-जयकिशनला कोण विचारतो?

आणि हा एकट्या कझांत्झीदिसचा उद्योग नव्हे. पन्नास-साठच्या दशकांत ग्रीसच्या गरीब वस्त्यांतल्या थेटरांत हिंदी सिनेमे धो धो चालायचे. 'मदर इंडिया' तिकडे 'घामाने भिजलेली जमीन' अशा अर्थाच्या नावाने लागला. त्यातलं 'दुनिया में हम आए हैं', जे लता, मीना आणि उषा या तिघी मंगेशकर बहिणींनी गायलंय, तेही ग्रीकमध्ये उतरलं. १९९८ साली तिकडच्याच दोन अभ्यासकांनी यावर पुस्तक काढून शंभराच्या आसपास गाण्यांची हिंदी मुळं दाखवून दिली.

नाठाळ

@तबकडीवाला, म्हणजे सगळेच चोर होते म्हणून कुणीच चोर नाही? वा! हा युक्तिवाद आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये रोज ऐकतो.

माझा आक्षेप वेगळाच आहे. याच कझांत्झीदिसने पुढे रेकॉर्ड कंपनीशी उभा दावा मांडला. गायकाला गाण्यामागे एकरकमी चिल्लर नको, विक्रीत टक्केवारी हवी. अगदी रास्त मागणी. त्या भांडणापायी सत्तरच्या दशकाच्या मध्यापासून १९८७पर्यंत, जवळपास बारा वर्षं, नवी रेकॉर्ड नाही. ग्रीसमध्ये याला तत्त्वनिष्ठा म्हणतात. पण स्वतःच्या घामाचा हिशोब मागणाऱ्याने दुसऱ्याच्या घामाचा कधी दिला का? 'मांदुबाला' तडाखेबंद खपली. मुंबईला किती ड्राख्मा (ग्रीसचं तेव्हाचं चलन) आले?

कोकणकडा

मला संगीतातलं कळत नाही, पण एक सांगतो.

मी मर्चंट नेव्हीत होतो. सप्टेंबर २००१मध्ये आमचं जहाज अथेन्सच्या पिरेअस बंदरात दुरुस्तीसाठी लागलं होतं. अकरा तारखेपासून बंदरावरच्या प्रत्येक चहा-कॉफीच्या टपरीत टीव्हीवर न्यूयॉर्कचे ते टॉवर. दुसरं काही नाही. चौदाला सकाळी खाली उतरलो तर टीव्हीवर एक कृष्णधवल फोटो, एक जाड भुवयांचा माणूस, आणि सगळी टपरी गप्प. आमचा ग्रीक बोसन (डेकवरच्या खलाशांचा मुकादम), सहा फुटी रेडा, साखळदंड एकट्याने ओढणारा, तो खुर्चीवर बसून हमसून रडत होता. मला वाटलं याचं कुणी न्यूयॉर्कला गेलं. म्हणाला, "स्टेलिओस गेला." अथेन्सजवळच्या एलेफ्सिनाला पुरलं त्याला. बोसन अर्धा दिवस रजा टाकून गेला आणि रात्री आवाज बसवून परत आला.

त्या बोसनने मला जे सांगितलं त्याचं सार असं. कझांत्झीदिसचे आईबाप दोघेही आताच्या तुर्कस्तानातून आलेले, बापाकडचे काळ्या समुद्राकाठच्या पोंतोसचे. पोरगा अथेन्सजवळच्या नेआ इओनियात, निर्वासितांच्या वस्तीत वाढला. ग्रीसमधल्या यादवी युद्धाच्या काळात बाप मारला गेला, तेव्हा हा कोवळा पोर. मग गिरणीत काम, पडेल ती मजुरी. अशा माणसाच्या गळ्यात परकी चाल आली तरी ती परकी राहत नाही, हे बोसनचं म्हणणं. पटलं का विचाराल तर त्या रात्री पटलं होतं.

पाटावरवंटा

धागाकर्तीला एक टाचणी टोचते. 'आवारा'तलंच 'घर आया मेरा परदेसी' घ्या. मग इजिप्तच्या उम्म कुलसुमचं 'अला बलद अल महबूब' लावा, जे आपल्या गाण्याच्या कितीतरी आधीचं आहे. ऐकलंत? बरं, आता शंकर-जयकिशनचं नाव घेऊन पुन्हा 'चोरी' हा शब्द उच्चारा बघू.

एकाच सिनेमात एक चाल कैरोहून मुंबईला आली आणि दुसरी मुंबईहून अथेन्सला गेली. भूमध्य समुद्राकडून घेतलेलं भूमध्य समुद्राला परत. हिशोब चुकता!

पिठलंभाकरी

@पाटावरवंटा +१. मेले हसून 😄

खडीसाखर (धागाकर्ती)

@पाटावरवंटा, टाचणी लागली, मान्य. पण त्याने माझा मुद्दा पडत नाही, उलट आरोपी एकाऐवजी दोन झाले.

@कोकणकडा, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. दुःख खोटं होतं असं मी म्हणतच नाही. माझं भांडण फक्त लेबलावरच्या एका ओळीशी आहे. 'संगीत: भारतीय' एवढं छापलं असतं तरी मी धागा काढला नसता.

बालगंधर्वप्रेमी

आपण मराठी माणसांनी चालीच्या मालकीवर बोलावं हे थोडं धाडसाचं नाही का? अहो, आपलं अर्धं नाट्यसंगीत उचललेल्या चालींवर उभं आहे. १९१६चं 'संगीत स्वयंवर' घ्या. भास्करबुवा बखल्यांनी जुन्या ख्यालांच्या बंदिशी घेतल्या, त्यावर खाडिलकरांची पदं बसवली आणि महाराष्ट्र वेडा झाला. कुणी म्हटलं का की बुवांनी चोरी केली? चाल हा वाहता ओढा आहे. ज्याच्या ओंजळीत शोभतो त्याचा.

नाठाळ

@बालगंधर्वप्रेमी, ओढा वगैरे ऐकायला छान. पण बंदिश ही परंपरेची ठेव. भास्करबुवांनी ती गुरूंसमोर वर्षानुवर्षं बसून मिळवली, आणि रसिकांतल्या जाणकाराला मूळ बंदिश कोणती ते ठाऊक असायचं. १९५१ची फिल्मी चाल ही दोन नाव-गाव असलेल्या माणसांनी स्टुडिओत बसून केलेली. ते दोघे १९५९ला जिवंत होते, कामात होते. ओढ्याचा आणि नळाच्या पाण्याचा फरक आहे. नळाला मीटर असतो.

तबकडीवाला

@नाठाळ, मीटरचा विषय काढलातच तर आपल्या घरातही डोकावू. साठच्या दशकाच्या सुरुवातीला गायकांना रॉयल्टी हवी म्हणून लताबाई भांडल्या. रफीसाहेब म्हणाले, मेहनताना मिळाला, विषय संपला. त्यावरून दोघांनी काही वर्षं एकत्र गाणं बंद केलं. म्हणजे जिची चाल अथेन्सने उचलली ती गायिका आणि ज्याने उचलली तो गायक, दोघेही थोड्या फार फरकाने एकाच लढाईत. मला तरी यात ढोंग दिसत नाही. कंपनी नावाच्या प्राण्याने दोन्ही देशांत गळ्याला भाड्याचं यंत्र मानलं होतं, हे दिसतं.

बाकी कझांत्झीदिसला पैशाचा लोभी म्हणणाऱ्यांनी १९६५ आठवावं. वय चौतिशीचं, क्लबात त्याच्या नावावर रात्री भरायच्या, आणि या पठ्ठ्याने क्लबात गाणं कायमचं सोडलं. मरेपर्यंत पुन्हा तिथे उभा राहिला नाही. नंतरचा जीव रमला तो समुद्रावर मासे पकडण्यात.

रातराणी

१९६५चं एवढं कौतुक नको. क्लबात तो एकटा नव्हता, शेजारी मारिनेला असायची. 'मांदुबाला'तला दुसरा आवाज तिचा. थेस्सालोनिकीची मुलगी, एकोणीस वर्षांची असल्यापासून त्याच्याबरोबर. दोघांनी १९६४ला लग्न केलं आणि १९६६ला वेगळे झाले. तिच्या उमेदीच्या वर्षांत रंगमंच कुणी बंद केला? ती पुढे एकटीच्या बळावर उभी राहिली आणि १९७४ला युरोव्हिजन या युरोपभरच्या गाण्याच्या स्पर्धेत ग्रीस पहिल्यांदा उतरला तो तिच्याच आवाजात, ही तिची हिंमत. या धाग्यावर एवढे प्रतिसाद झाले, लता आणि मारिनेला दोघींचे आवाज त्या चालीत आहेत, आणि भांडण चाललंय ते फक्त बाप्यांच्या नावांवरून.

तबकडीवाला

@रातराणी, हे खरंय. माझं चुकलं. ती तबकडी पुन्हा लावली. तिचा आवाज मागे ठेवलाय, पण काढून घेतला तर गाणं पांगळं होईल.

कोकणकडा

लेबलाचं ठाऊक नाही. बोसनला लताचं मूळ गाणं तेव्हा ऐकवायला हवं होतं, माझ्या वॉकमनमध्ये होतं. सुचलं नाही.

खडीसाखर (धागाकर्ती)

@कोकणकडा, तुमचं वाचून मी काल ते केलं.

म्हाताऱ्याच्या गल्ल्यापाशी फोन ठेवला आणि लता लावली. ताटल्या पुसता पुसता त्याने मान डोलवली, शेवटपर्यंत ऐकलं. मग म्हणाला, "बाई छान गाते. पण स्टेलिओसची चाल उचलताना विचारलं होतं का त्याला?"

मी म्हटलं, आजोबा, हे १९५१चं आहे. तो थांबला. फडकं खांद्यावर टाकलं, बोटांवर काहीतरी मोजलं. "त्याची पहिली रेकॉर्ड बावन्नची," तो स्वतःशीच म्हणाला, "आणि ती आपटली होती." मग पुन्हा लाव म्हणाला. दुसऱ्या वेळी ताटल्या पुसल्या नाहीत.

निघताना दोन छोटे ग्लास उझो (बडीशेपेच्या चवीची ग्रीक दारू) आणले. एक त्याने घेतला, एक मला दिला. मला वाटलं, झाली भरपाई शंकर-जयकिशनची.

दोन्ही ग्लास बिलात लावले होते.