पूर्ण काळं घड्याळ: वेळ कमी दिसते, तरी मला तेच हवं

काटेवाला (फोंडा):
गेले आठ महिने मनगटावर एकच घड्याळ आहे. कॅसिओ जी-शॉक जीए-२१००, त्यातलं अख्खं काळं. केस म्हणजे बाहेरची डबी काळी, पट्टा काळा, डायल काळी, काटे काळे, तासांच्या खुणाही काळ्या. खालचा छोटा डिजिटल पडदासुद्धा उलटा, काळ्यावर फिकट आकडे. जो बघतो तो आधी हेच विचारतो, "ह्यात वेळ दिसते तरी का?" कमी दिसते. कबूल.

पण रंग काढून घेतला की घड्याळात आकार तेवढा उरतो, आणि ह्याला आकार आहे. ह्याची अष्टकोनी बेझल, म्हणजे काचेभोवतीची कडा, बघून लोकांना १९७२ सालचं ऑदमार पिगे ह्या स्विस कंपनीचं रॉयल ओक घड्याळ आठवलं, जेराल्ड जेंटाने काढलेलं, म्हणून २०१९ साली हे आल्याबरोबर त्याला 'कॅसिओक' म्हणायला लागले. चकचकीत रंगात मला ते नकलेसारखंच वाटतं. काळ्यात तसं वाटत नाही. चकाकी नाही, नुसत्या कडा आणि सावल्या. नवाच्या जागी वार दाखवणारा इवलासा काटा आहे, तो मला तिसऱ्या दिवशी सापडला.

जी-शॉक म्हणजे हाताला वीट बांधल्यासारखं, हा समजही इथे मोडतो. जाडी ११.८ मिलिमीटर, वजन ५१ ग्रॅम, शर्टाच्या बाहीखाली सहज जातं. आणि आपल्याकडच्या पावसाळ्याचं काय सांगू! कपाटातल्या चामड्याच्या पट्ट्यांवर जुलैत पांढरी बुरशी धरते. हे नळाखाली धरलं, पुसलं, झालं.

तारवटी:
बाब, आवड तुमची, पण गोष्ट उलटी सांगताय. घड्याळ काळं करायची कल्पना ज्याने गाजवली ते १९७२ सालचंच आहे, पोर्शे डिझाइनचं क्रोनोग्राफ, म्हणजे स्टॉपवॉच असलेलं घड्याळ. एफ. ए. पोर्शेने ते गाडीच्या डॅशबोर्डवरून घेतलं. काळं कशासाठी? उजेड परतून डोळ्यांत येऊ नये आणि पांढरे काटे ठळक दिसावेत म्हणून. म्हणजे काळा रंग आला तो वेळ दिसावी म्हणून. तुम्ही काटेच काळे केलेत. मग त्या काळ्याचा उपयोग काय?

मी बोटीवर इंजिन रूममध्ये काम करतो. पाण्यात बुडी मारणाऱ्या माणसांच्या घड्याळांसाठी आयएसओ ६४२५ नावाचं मानक आहे. त्यात अट अशी की मिट्ट काळोखात २५ सेंटिमीटरवरून वेळ वाचता आली पाहिजे. तुमच्या घड्याळावर २०० मीटर लिहिलंय ना? पाणी शिरणार नाही, एवढाच त्याचा अर्थ. काळोखात आधी बटण शोधा, मग दिवा लावा, मग वेळ बघा. दोन्ही हात ग्रीसने भरलेले असताना करून दाखवा.

सांज (डिचोली):
आमच्याकडे वेगळाच वाद झाला. भावाच्या साखरपुड्याला असंच काळं घड्याळ द्यायचं ठरवलं, तर मामी म्हणाल्या, शुभकार्यात काळं नको, शनी मागे लागेल. मी म्हटलं, मामी, संक्रांतीला चंद्रकळा कोण नेसतं? मंगळसूत्रातले मणी कुठल्या रंगाचे? मामी गप्प. घड्याळ मात्र शेवटी सोनेरीच गेलं.

मी काटेवाल्यांच्या बाजूची. वेळ मोबाइलवर दिसते. हातात घालायचं ते हातात शोभावं म्हणून.

तारवटी:
मग बांगडी घाला.

सांज (डिचोली):
घालते की. काळ्या घड्याळाच्या शेजारी चांगली दिसते.

घड्याळजीचा नातू (म्हापसा):
दोघांनी एक गोष्ट सोडली. काळं कशाने केलंय ते. आजोबांच्या टेबलाशी बसून मी हेच बघत मोठा झालो. स्टीलवर पीव्हीडी नावाचा पातळ लेप चढवतात, तो थर काही मायक्रॉनचा. खालचं स्टील साधारण २०० विकर्स (कडकपणाचं माप) कडक, म्हणजे तसं मऊच. धक्का लागला की खालचं पोलाद दबतं आणि वरचा थर उडतो. माझ्याकडे असं एक आहे, कंपनीचं नाव नको. दोन वर्षांत पट्ट्याच्या जोडाजवळ चारही कोपरे पांढरे. उंदराने कुरतडल्यासारखं दिसतं. ते पुन्हा काळं करून द्यायला कोणी तयार नाही.

सिरॅमिक त्याहून बरं, १२०० विकर्सच्या वर, आणि रंग आरपार. आयडब्ल्यूसी कंपनीने १९८६ साली आपल्या 'दा विंची' घड्याळाची केस सिरॅमिकमध्ये काढली, ओमेगाने २०१३ साली सगळं काळं स्पीडमास्टर. पण फरशीवर आपटलं तर तडकू शकतं, आणि तडकलं की डाग द्यायची सोय नाही. ह्या हिशेबाने काटेवाल्यांच्या घड्याळाचं रेझिन, म्हणजे प्लास्टिकच, सगळ्यांत प्रामाणिक. आत-बाहेर एकच काळं, चरा पडला तरी काळाच.

पण वाचण्याच्या मुद्द्यावर मी तारवटींकडे. आपल्या एचएमटीचं पायलट आठवा. डायल काळी, आकडे पांढरे, काट्यांना रेडियम. काळं वापरावं ते असं.

काटेवाला (फोंडा):
तारवटी, डॅशबोर्डची गोष्ट झोंबली, खोटं कशाला सांगू. पण २००६ साली हुब्लोने बिग बँग 'ऑल ब्लॅक' काढलं, काळ्यावर काळं, ते काय कोणाला चुकून सुचलं? वेळ भिंतीवर, फोनवर, गाडीत सगळीकडे दिसायला लागल्यावर मनगटावरचं घड्याळ त्या कामातून मोकळं झालं. माझं त्या मोकळ्या घड्याळावर प्रेम आहे. इंजिन रूममध्ये ते चालणार नाही, हे तुमचं शंभर टक्के बरोबर. मी बँकेत बसतो.

आणि अगदीच आंधळं नाही हो. बटण दाबलं की काटे बाजूला सरकून डिजिटल आकडे मोकळे करतात. रायबंदरच्या धक्क्यावर चोडणची फेरी पकडताना भर उन्हात मी तेच करतो.

तारवटी:
म्हणजे काळे काटे आधीच दिसत नाहीत, त्यांना वर बाजूलाही सरकवायचं. छान.

घड्याळजीचा नातू (म्हापसा):
काटेवाला, खरं सांगा. पहाटेची गाडी असेल तेव्हा उशाशी काय ठेवता?

काटेवाला (फोंडा):
...बाबांचं एचएमटी पायलट.

तारवटी:
😂

घड्याळजीचा नातू (म्हापसा):
एचएमटीची घड्याळं बंद करायचा निर्णय २०१६ सालीच झाला, सुटे भाग आता जुन्या घड्याळांतून काढावे लागतात. तेव्हा जपा. चावी रोज सकाळी ठरल्या वेळी द्या, घट्ट लागली की थांबा. आणि पावसाआधी एकदा म्हापशाला घेऊन या, आतलं तेल बघून देतो.