'डार्क अँबियंट'ला मराठीत काय म्हणावं? आणि ती गाणी करणाऱ्या बाईला?

तापीकाठ
एका दिवाळी अंकासाठी परदेशी गायिकेच्या अल्बमवर लिहितेय. गाणी तिनेच लिहिलेली, चाली तिच्या, आवाज तिचा, यंत्रांवरचं बरंचसं कामही तिचंच. प्रकार 'डार्क अँबियंट इलेक्ट्रॉनिक पॉप', मी देवनागरीत तसंच लिहिलं होतं. संपादकांनी ते खोडून 'उदास वातावरणीय विद्युत-संगीत' केलं आणि तिला 'गीतकार' करून टाकलं. 'उदास' तर साफ चूक. त्या गाण्यांत रडणं नाही, दरारा आहे. खाली एक सूर सतत चालू असतो, ठेका उशिरा येतो, कधी येतच नाही, आणि तिचा आवाज थरावर थर देऊन लांबून आल्यासारखा ठेवलाय. सुचवा काही.

गिरणाथडी
किर्र! किर्र रात्र, किर्र झाडी, किर्र अंधार. आवाज आणि काळोख दोन्ही एका शब्दात. आमच्या चाळीसगावकडे अहिराणीत 'किर्र अंधारं पडी गयं' म्हणतात. बिनधास्त 'किर्र पॉप' लिहा, ताई.

जुनी वही
किर्र हा रातकिड्यांचा, वरच्या पट्टीतला आवाज. ताई सांगताहेत तो खालचा सूर, त्याला मंद्र हा शब्द आहे. 'अँबियंट' ही संज्ञा इंग्लिश संगीतकार ब्रायन ईनो यांनी १९७८ च्या सुमाराच्या, विमानतळांसाठीच्या अल्बमपासून रूढ केली. लक्ष देऊन ऐकलं तर मन रमावं, नाही दिलं तरी अडू नये, अशी त्यांची अपेक्षा. म्हणून 'परिसर-संगीत', आणि त्याचा काळोखा प्रकार म्हणून 'मंद्र परिसर-संगीत'. संज्ञा घडवायच्याच नाहीत तर मराठीत संगीतावर लिहायचं कसं?

कापूसवेचणी
काका, परिसर म्हटलं की पोरांना शाळेतला 'परिसर अभ्यास' आठवतो. धुळ्यात हेडफोन लावून हे ऐकणारी पोरं 'अँबियंट'च म्हणतात. लग्नातल्या बँडला आपण वाद्यवृंद म्हणत नाही, म्हणून मराठी काही आटली नाही. आणि 'विद्युत' नकोच. आइसलँडची गायिका ब्यॉर्क, तिच्या २००१ च्या 'व्हेस्परटिन' अल्बममधले ठेके ऐका, त्यांत बर्फ फुटण्याचे, पत्ते पिसण्याचे आवाज आहेत. ते कापले-जोडले संगणकावर, पण जन्मले हातातच ना?

साक्रीकडचा
सतत चालणारा सूर आमच्या पट्ट्याला नवा नाही. साक्री-पिंपळनेरच्या डोंगरात डोंगऱ्या देवाच्या, म्हणजे आदिवासींच्या उत्सवाच्या, वेळी पावरी हे फुंकून वाजवायचं वाद्य वाजतं, थाळीवर कथा लागते. काशाच्या थाळीच्या मधोमध मेणानं काडी उभी करायची आणि कथेकऱ्यानं बोटांनी ती वरून खाली ओढत राहायचं. थाळीतून न तुटणारा सूर निघतो आणि त्यावर रात्रभर कथा. लहानपणी भीती वाटायची आणि उठवतही नसे. आजी म्हणायची, 'थाळी घुमते.' आता बघा, देव अंगात आला की माणूसही 'घुमतो'. नाद आणि दरारा एकाच क्रियापदात आहे, बाहेर कशाला जायचं?

तापीकाठ
दादा, हे फार आवडलं. आवाजाला 'घुमारा' आहे असं आपण म्हणतोच. 'काळा घुमारा' कसं वाटतं? पॉप पॉपच राहू दे.

जुनी वही
घुमारा हा आवाजाचा गुण झाला, संगीताचा प्रकार नव्हे. दोन्हींत गल्लत नको. बाकी 'गीतकार' बदलाच. आपल्याकडे गीतकार फक्त शब्द लिहितो, चाल संगीतकाराची. दोन्ही करणाऱ्याला 'वाग्गेयकार' म्हणतात. देवगिरीच्या यादवांच्या पदरी असलेल्या शार्ङ्गदेवानं तेराव्या शतकात 'संगीतरत्नाकरा'त त्याची लक्षणं दिली आहेत. शब्द आपल्या शेजारच्याच मातीतला आहे.

कापूसवेचणी
त्याचं स्त्रीलिंग काय करणार? वाग्गेयकारिणी? वाचणारा तिथेच थांबेल. बहिणाबाईंना कुणी वाग्गेयकार म्हटलं का? घरोटाची, म्हणजे जात्याची, घरघर खाली चालू आणि वर बाईचे स्वतःचे शब्द. ताईंच्या अल्बममध्येही तेच चाललंय, खाली न थांबणारा आवाज आणि वर एकटी बाई. 'गाणी रचणारी' लिहा, पुरे.

जुनी वही
शब्द त्यांचे, पण चाल ओवीची, पिढ्यान्‌पिढ्यांची. म्हणून ही तुलना टिकत नाही.

कापूसवेचणी
चाल जुनी असली तरी ओढ, थांबा, श्वास ज्या त्या बाईचा असतो. जात्याच्या फेऱ्यावर गाऊन बघा, काका.

गिरणाथडी
अहिराणीचं नाव निघालं की बहिणाबाई येणारच!

कापूसवेचणी
भाऊ, ती अहिराणी नाही. जळगावजवळच्या असोद्याची लेवा गणबोली आहे. अहिराणीत 'मनी माय', बहिणाबाई 'माझी माय' म्हणतात. 'आहे'साठीचं तुमचं 'शे' त्यांच्या गाण्यांत कुठे दाखवा.

गिरणाथडी
मग 'मला'चं 'माले' कुठलं? घरोट कुठला? सगळं खान्देशचंच ना!

तापीकाठ
'काळा घुमारा' पाठवलं, संपादकांना चाललं. 'गीतकार' मात्र अजून तसंच छापायला चाललंय. त्याचं काहीतरी सांगा, उद्या पानं लागतील.

कापूसवेचणी
'ले' प्रत्यय वऱ्हाडीतही आहे, भाऊ. म्हणून बुलढाण्याची बाई अहिराणी झाली का?

साक्रीकडचा
आणि आमच्या आदिवासींची कोकणी, भिली, मावची? खान्देशची बोली म्हटलं की भांडण नेहमी जळगाव-धुळ्यातच का संपतं?