मदत हवी आहे: फोटोच्या कंपोझिशनचा सराव कसा करावा?

मंडळी, एक्स्पोजर आणि फोकस आता बऱ्यापैकी हातात बसलंय, घोडं अडलंय ते फ्रेमपाशी, म्हणजे फोटोत काय घ्यावं आणि कुठे ठेवावं तिथे.

राहतो म्हापशाला, त्यामुळे शुक्रवारचा बाजार दाराशीच. मयड्याची केळी, मिरच्यांच्या राशी, वर निळ्या ताडपत्र्या. घरी येऊन बघावं तर प्रत्येक फोटोत सगळंच आलेलं असतं आणि नजर कुठेच ठरत नाही. रूल ऑफ थर्ड्सची ग्रिड (फ्रेमचे आडवे-उभे तीन-तीन भाग करणाऱ्या रेषा) स्क्रीनवर कायम चालू असते, पण तिने फारसं भागत नाही. परवाचंच बघा. मंगेशीच्या अंगणात एक आजी उभ्या होत्या, केसांत अबोली, मागे दीपस्तंभ. विचारून फोटो घेतला. आजी अगदी ग्रिडच्या रेषेवर, आणि दीपस्तंभ थेट त्यांच्या डोक्यातून उगवलेला! एक पाऊल डावीकडे सरकलो तर स्तंभ सुटा झाला, पण मागून कुणाची तरी भडक पिशवी आत आली. खाली बसलो तर अर्धी फ्रेम पांढरंफटक आकाश. तोवर आजी कंटाळून निघून गेल्या.

आता ठरवलंय की कॅमेऱ्यासोबत आलेल्या १८-५५ मिमी किट लेन्सची झूम रिंग ३५ वर चिकटपट्टीने पक्की करायची आणि महिनाभर तेवढ्यावरच काढायचं. माझा कॅमेरा एपीएस-सी (फुल फ्रेमपेक्षा लहान सेन्सरचा) आहे, म्हणजे फुल फ्रेमवरच्या ५० मिमीच्या आसपासचा कोन मिळेल. जागाही एकच, रायबंदरचा फेरीधक्का, ऑफिसला जाता जाता. पणजीतली फोंतेन्यास ही जुनी वस्ती मुद्दाम टाळतोय. तिथल्या लोकांना फोटोवाल्यांचा आधीच पुरेसा वैताग आहे. धक्क्यावर चोडणच्या फेरीसाठी थांबलेल्या स्कूटर असतात, भरती-ओहोटीप्रमाणे उतारावरची पाण्याची रेघ वरखाली होते, त्यामुळे रोज तोच फोटो येणार नाही असं वाटतं.

जाणकारांनी सांगावं, रोज एकच जागा धरावी की आठवड्याला एक विषय, म्हणजे या आठवड्यात फक्त सावल्या, पुढच्यात फक्त तिरप्या रेषा? आणि सरावात नंतर क्रॉप करणं बंदच ठेवावं का? मला वाटतं क्रॉप करताना चूक लवकर कळते, पण मग प्रत्यक्ष जागेवर पाय हलवायचा आळस येतो.

घरचे सगळ्याच फोटोंना ‘छान’ म्हणतात. म्हणून धक्क्याचे काही फोटो खाली प्रतिसादात टाकतो. तुम्ही त्यातलं काय वगळलं असतं आणि कुठे उभे राहिला असता, तेवढं रोखठोक सांगा.