चलनवाढ, महागाई की भाववाढ?

रानवाटा: दिवाळी अंकासाठी मध्यवर्ती बँकांवरच्या एका लेखाचं भाषांतर करतेय. अमेरिकेतला ‘इन्फ्लेशन’चा आकडा जून २०२२ मध्ये ९.१ टक्के होता, वर्षभराने ३ टक्के. मी लिहिलं, ‘चलनवाढीचा दर ३ टक्क्यांवर आला.’ संपादकांनी ते खोडून ‘महागाई कमी झाली’ केलं. वाचणारा म्हणणार, भाव उतरले! प्रत्यक्षात ते सरासरी आणखी ३ टक्के चढलेच, चढण्याचा वेग तेवढा मंदावला. तुम्ही काय लिहाल?

जुना बँकवाला: ‘चलनवाढ’ मुळीच नको. तो शब्द दुखण्याचं नाव सांगतानाच कारणही ठरवून टाकतो. २०२२ मध्ये रशियाने युक्रेनवर हल्ला केला आणि गहू, सूर्यफुलाचं तेल, कच्चं तेल सगळंच भडकलं. त्यात नोटा कुणी वाढवल्या? सरळ ‘भाववाढ’ लिहा.

कृष्णाकाठ: काका, नोटा त्याआधीच वाढल्या होत्या. २०२० मध्ये करोनात फेडने, म्हणजे अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेने, व्याजदर शून्याजवळ नेले आणि नवा पैसा ओतून काही लाख कोटी डॉलरचे रोखे विकत घेतले. शिवाय अर्थशास्त्राच्या पुस्तकांत आम्ही हाच शब्द शिकलो.

जुना बँकवाला: पुस्तकात असेल. पगारपत्रकावर ‘महागाई भत्ता’ असतो. ‘चलनवाढ भत्ता’ मागायला कुठली युनियन गेलीय?

सदाफुली: ‘महाग’ आला संस्कृत ‘महार्घ’वरून, अर्घ म्हणजे मोल. म्हणजे मुळात तो शब्द स्थिती सांगतो, वेग नाही. आमची आजी ‘यंदा फार महागाई आहे’ म्हणायची. ‘महागाई ५ टक्के आहे’ हे तिच्या तोंडी बसलंच नसतं. रानवाटा, तुझी शंका रास्त आहे. शब्द कुठलाही घे, पण ‘दर’ गाळू देऊ नकोस.

रानवाटा: वाक्य लांबतं म्हणून तोच आधी गाळतात ना! आणखी एक अडलंय. व्याजदर चढे ठेवा म्हणणारे ते ससाणे, उतरवा म्हणणारी ती कबुतरं. तसंच ठेवू?

कृष्णाकाठ: छे! जहाल आणि मवाळ हे शब्द घरचे असताना? फेडचे तेव्हाचे अध्यक्ष पॉल व्होल्कर जहाल. १९८१ मध्ये व्याजदर २० टक्क्यांच्या आसपास नेला होता त्यांनी.

सदाफुली: नाही पटत. टिळक-गोखल्यांचा वाद परक्या सत्तेशी कसं वागायचं याचा होता. रिझर्व्ह बँकेच्या व्याजदर ठरवणाऱ्या पतधोरण समितीत सहा जण मत देतात. या खेपेला दरवाढ मागणारा पुढे कपातही मागू शकतो. त्याला कायमचा जहाल कसं म्हणायचं?

जुना बँकवाला: मुळात ‘पतधोरण’ तरी कुठे बरोबर आहे? बँकांनी कर्ज कुणाला, किती द्यायचं हे रिझर्व्ह बँक ठरवायची तेव्हा तो चपखल होता. आता लक्ष्य ४ टक्के भाववाढीचं, खाली-वर २ टक्के, आणि हातात रेपो दर, म्हणजे ती बँकांना ज्या व्याजाने उसने पैसे देते तो. ‘मुद्राधोरण’ म्हणा.

कृष्णाकाठ: ती हिंदीची सावली झाली. मराठीत मुद्रा म्हणजे शिक्का, नाहीतर चेहरा. आणि पत अजूनही मध्यभागीच आहे. व्होल्करनी दर चढवले, डॉलरमधल्या कर्जांचं व्याज फुगलं आणि ऑगस्ट १९८२ मध्ये मेक्सिकोने हात वर केले.

सदाफुली: हे असं होऊ नये म्हणूनच तर १९४४ मध्ये ब्रेटन वुड्सला ४४ देश बसले होते. आपले चिंतामणराव देशमुख होते तिथे, तेव्हाचे रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर. त्या वेळच्या मराठी वर्तमानपत्रांची कात्रणं आहेत का कुणाकडे? तिथे ठरलेल्या आंतरराष्ट्रीय नाणेनिधीला (आयएमएफ) तेव्हा काय म्हणत होते ते पाहायचंय.